मालकाची गाठ

घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की सगळं घर कसं भांबावून जातं, हे आपल्यापैकी कुणाला नवं नाही. पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात इस्लामपूरच्या नाथाजींच्या घरी तेच झालं होतं. तीन ट्रकचे मालक. सांगलीच्या पेठेतली हळद साताऱ्यावरून पुण्याला पोचवायची, हा त्यांचा जुना धंदा. छातीत कळ आल्यापासून डॉक्टरांनी हलायची मनाई केली होती. पण नाथाजींचा जीव सांगलीत भरून उभ्या असलेल्या गाडीत अडकला होता.

त्याला कारणही तसंच होतं. पोती चढली, ताडपत्री ओढली, दोर आवळले की शेवटची गाठ नाथाजी स्वतः मारत. 'मालकाची गाठ' पडली की व्यापारी निर्धास्त होऊन घरी जात. नाथाजींना त्याचा कोण अभिमान! मुलगा सयाजी बारा वर्षं गाडी हाकत होता. सगळे दोर तोच आवळायचा, पण शेवटच्या गाठीला त्याला बाजूला व्हावं लागे. पेठेत त्याला सगळे ड्रायव्हरच समजत. दुसरं काय समजणार?

दुपारी सयाजी एस.टी.नं परत आला तो घामाघूम होऊनच.

"आबा, हळदवालं धोंडिरामशेठ गाडी सोडंना झाल्यात. मालकाची गाठ न्हाई म्हणत्यात. सांजंपातूर तुमी आला न्हाईसा, तर माल दुसऱ्याच्या गाडीत घालणार हायत."

नाथाजी अंथरुणातून उठू लागले. आज एक गेला, उद्या सगळी पेठ जाईल!

"माझं धोतर काढ. मी येतो."

"आवं, डॉक्टरांनी..."

"मग काय तू बांधणार?"

सयाजी बाहेर निघून गेला.

नाथाजींची थोरली बहीण बयाबाई भावाला बघायला आली होती. ती उशाशीच बसली होती. तिला राहवेना.

"नाथा, बारा वरसं राबतंय पोर. त्येला गाठ मारता येत न्हाई व्हय रं?"

"येती गं आक्का. पर लोकांचा इस्वास नगं?"

"इस्वास कसा बसंल? तू कवा बसू दिलास? तुझ्या दाजींनी हेच केलं. गिऱ्हाईक, परमिट, सगळं आपल्याच मुठीत. ते गेलं, आन् माझ्या पोरांना कुणी वळखंना. परमिट कुणाच्या नावावर करायचं यावरनं भांडली. लॉरी परसात हुबी ऱ्हायली, चाकांत गवत उगावलं! माझ्या दारात बघितलंस न्हवं तू ते?"

नाथाजींनी ते बघितलं होतं. तेव्हा दाजींना बोल लावून ते मोकळे झाले होते. आज मात्र त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. खरं सांगायचं तर त्यांना भीती निराळीच होती. गाठ मुलाच्या हाती गेली, तर आपल्याला कोण विचारणार?

तरीही हट्टानं ते निघालेच. डॉक्टरांचं म्हणणं धुडकावून सयाजीच्या आधारानं दुसऱ्या ट्रकमध्ये, त्याच्या ड्रायव्हरशेजारी बसले.

पेठेत धोंडिरामशेठ वाटच बघत होते. नाथाजींनी दोराचं टोक धरलं, चाकावर पाय ठेवला आणि जोर लावला. पाय वर येईना! श्वास कोंडला, डोळ्यांपुढं अंधारी आली. सयाजीनं मागून सावरलं नसतं तर ते कोसळलेच असते.

"मालक, बसा खाली!" शेठ घाबरून ओरडले. "तुमास्नी काय झालं, तर आमी कुणाच्या भरवशावर माल घालायचा?"

नाथाजी मटकन शेठच्या दुकानाच्या पायरीवर टेकले. बयाबाईच्या परसातली ती लॉरी, आणि तिच्या जागी आपल्या तिन्ही गाड्या त्यांना दिसू लागल्या. अरेरे! आपण जपत होतो ते काय, आणि बुडवत होतो ते काय! दोराचं टोक अजून मुठीत होतं. ते त्यांनी सयाजीच्या हातात दिलं.

"घे. बांध."

"तुमी सांगा, आबा. तसं बांधतो."

"न्हाई. तुला येती तशी बांध."

सयाजीनं गाठ मारली. ती ओढून बघायला नाथाजींचे हात शिवशिवत होते; त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले.

"शेठ, हीच मालकाची गाठ. म्होरल्या आठवड्यात परमिटाला याचं नाव लावायचा अर्ज करतो. आजपास्नं याच्याशीच बोला."

शेठनी सयाजीकडं नीट बघितलं, जणू पहिल्यांदाच. "बरं सयाजीराव, न्या गाडी," ते म्हणाले.

केबिनमध्ये चढता चढता सयाजी थबकला. "आबा, वाटंत ढिली पडली तर?"

"हुबं ऱ्हायचं आन् आवळायची," नाथाजी हलक्या आवाजात म्हणाले. "माझीबी लय डाव ढिली पडलीया. शेठला कवा बोललो न्हाई, इतकंच."

बाप पहिल्यांदाच आपल्याशी बरोबरीनं बोलला, हे सयाजीला कळलं. त्यानं गाडी सुरू केली.

नागरिकहो, आपला ट्रक असो, दुकान असो की गिरणी. किल्ल्या कमरेला बांधून बसण्यात मोठेपणा नाही. वारसाला चार लोकांपुढं उभं करा, चुकू द्या, आणि चुकल्यावर सावरायला तुम्ही जवळ असा. बाप मेल्यावर मुलाला गाडी आपोआप मिळते. धंदा मात्र बापानं जिवंतपणीच द्यावा लागतो!