दोघांत एक कंट्रोलर

“ब्रेक! अगं, ब्रेक दाब!”

तिने दाबला. पण तोवर पडद्यावरचा ट्रक वळण सोडून कठड्यावर चढला होता. कठडा मोडला, ट्रक उतारावरून घरंगळत गेला आणि एका झाडाला टेकून थांबला. मागची चाकं हवेत फिरत राहिली.

“दाबला की मी,” ती म्हणाली.

“दाबलास. झाडाशी ओळखपाळख झाल्यावर दाबलास.”

तिला हसू येणार होतं, पण त्याआधी जांभई आली. ती तिने खांद्यात तोंड खुपसून दडवली.

खेळाचा कंट्रोलर दोघांच्या मधोमध होता. डावी मूठ त्याच्या डाव्या हातात, उजवी तिच्या उजव्या हातात. तो अंगठ्याने ट्रक वळवायचा. वेग द्यायचा आणि ब्रेक लावायचा, हे तिच्या तर्जनीकडे. असं धरायचं तर एकमेकांना अगदी चिकटून बसावं लागे, आणि मग मनगटाशी संपणारा त्याचा उजवा हात मध्ये अडचण करी. सुरुवातीला तो हा हात स्वतःच्या पाठीमागे दाबून बसायचा. एका संध्याकाळी खांदा फारच अवघडला, तेव्हा त्याने तो तिच्या मागून सोफ्याच्या पाठीवर टाकला. ती त्यावर जराशी टेकली.

“पुन्हा घेऊ या,” तो म्हणाला. “पुलाच्या अलीकडून.”

कंट्रोलरवरचा दिवा लाल झाला आणि लुकलुकायला लागला.

“गेली,” तो म्हणाला. “आज तर अर्धा ताससुद्धा नाही झाला.”

“जुनी आहे ना बॅटरी,” ती म्हणाली आणि उठली. त्याच्याकडे न बघता तिने कंट्रोलर उचलून स्वयंपाकघरात नेला.

छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनने त्याचा पंजा नेला, त्यानंतर तो शब्दाला महाग झाला होता. विचारलं तर हो किंवा नाही. जेवायला बोलावलं की यायचा, ताट संपलं की खिडकीशी जाऊन बसायचा. मालकाने काम ठेवायची तयारी दाखवली होती, फाटकावर बसून गाड्यांची नोंद करायचं. त्यावर त्याने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. घराचा उंबरा मात्र ओलांडायचा त्याने थांबवला. हाताचे व्यायाम घ्यायला एक ताई घरी यायच्या. त्यांनी सांगितलं, डाव्या हाताला चपळाई आणायची तर एखादा खेळ खेळा, टीव्हीवरचा चालेल.

तिच्या भावाने त्याचा जुना कंट्रोलर आणून दिला. टीव्हीखालच्या नेटच्या डबीवर खेळ उतरवून घ्यायचा नसतो, तो नेटवरूनच चालतो, हे त्यानेच समजावलं. पण डबी कंट्रोलर ओळखेना. तीन संध्याकाळी फोनवर भावाचं ऐकत ती एकेक कळ दाबत बसली. शेवटी दोन कळा एकदम दाबून धरल्यावर दिवा भराभर चमकला आणि जोडणी झाली. ताईंनी त्यांच्या केंद्रातला एका हाताने चालणारा कंट्रोलर आणला होता, तो तर या डबीने दारातसुद्धा उभा केला नाही. दोन कंट्रोलर मिळून एकाचं काम करतात अशी सोय दुसऱ्या काही यंत्रांत असते म्हणे, हिच्यात नव्हती.

“मग दोघं मिळून एकच धरा,” भाऊ फोनवर वैतागून म्हणाला होता.

त्यांनी धरला. ट्रक पहिल्याच चौकात दुकानात घुसला. आणि तिचा नवरा, जो कित्येक महिने हूं की चूं करत नव्हता, तो म्हणाला, “अगं, आपल्याला सिमेंट पोहोचवायचंय, दुकान नाही पाडायचं.”

त्या रात्री भांडी घासताना तिला रडू आलं होतं.

आता रडायलाही ताकद उरत नव्हती. ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या रोलरवर होती. धुऊन आलेली दमट चादर दोघींनी दोन टोकांना ताणून धरायची आणि तापलेल्या रोलरच्या तोंडात सरळ घालायची. एक गेली की दुसरी. दिवसभर हात खांद्याच्या उंचीवर. घरी येईपर्यंत उजवा खांदा दगड झालेला असायचा. दारात चपला काढते न काढते तोच तो सोफ्यावर सरकून तिच्यासाठी जागा करायचा. दिवसभर त्याने दुसरं काही केलेलं नसायचं. तो तिच्या हाताची वाट बघत असायचा.

पहिल्यांदा झालं ते चुकून झालं. ती स्वयंपाकघरात मिक्सरच्या बटणापाशी कंट्रोलर रात्रभर चार्जिंगला लावायची. एका रात्री वायर खोचली आणि बटणच चालू करायचं राहिलं. सकाळी चहा उकळताना लक्षात आलं, तेव्हा चालू केलं. तेवढ्या वेळात जेवढी भरली तेवढी भरली. संध्याकाळी खेळ रंगात आला आणि दिवा लाल झाला. ती आठ वाजता आडवी झाली आणि मेल्यासारखी झोपली. सकाळी उठली तेव्हा मान हलत होती, खांदा वर जात होता. किती दिवसांनी तिला आपलं अंग आपलं वाटलं.

दुसऱ्या रात्री तिने वायर खोचली आणि बटणाकडे बघत उभी राहिली. मग दिवा मालवून आत गेली.

तेव्हापासून रोज तसंच. चहा होईपर्यंत चार्जिंग. तो उठायच्या आत वायर गुंडाळून कंट्रोलर परत टीव्हीपाशी.

लाँड्रीत तिच्या समोरच्या टोकाला जी बाई असायची, तिला सगळे लवंगी म्हणायचे. अंगाने एवढीशी, पण फुटली की सगळ्या मजल्याला कळायचं. तिला हे सांगितल्यावर लवंगीने चादर ताणता ताणता डोळे वटारले.

“सरळ सांग ना त्यांना, दमते म्हणून.”

“सांगितलं तर ते बंदच करतील. ‘तू झोप,’ म्हणतील आणि परत खिडकीत जाऊन बसतील. तुला माहीत नाहीत ते.”

“मग भोग.”

“भोगतेच आहे.”

“तोंड बघ तुझं. चोराच्या मनात चांदणं,” लवंगी म्हणाली आणि पुढची चादर झटकली.

खरं होतं ते. कारण त्याने बॅटरीचं मनावर घेतलं होतं. कुठून तरी वाचून काढलं होतं की कंट्रोलर थरथरतो त्यात बॅटरी जास्त जाते; तर त्याने थरथर बंद करून टाकली. ती थरथर त्याला आवडायची. खडीच्या रस्त्यावर ट्रक गेला की तळव्यात दगड लागतात, म्हणायचा, मशीन चालू असल्यासारखं वाटतं. मग त्याने शोध लावला की या डबीवर कंट्रोलर आपणहून झोपत नाही, खेळ संपला तरी जागाच राहतो. तेव्हापासून ती पाणी प्यायला उठली तरी तो मधली कळ दाबून धरायचा, दिवा विझेपर्यंत. ती परत आली की पुन्हा चालू.

“तेवढीच वाचते,” तो म्हणायचा.

ती मान डोलवायची आणि शेजारी बसायची.

गुरुवारी लाँड्रीतून निघायला उशीर झाला. जिना चढून ती दारापाशी आली तर दाराला बाहेरून कुलूप.

ती कुलपाकडे बघतच राहिली. या घराला दिवसा कुलूप लागून किती महिने झाले होते. पर्समधून तिची किल्ली सापडेना. सापडली तर कुलपात जाईना. आत सोफा रिकामा, खिडकीतली खुर्ची रिकामी. मोरीचं दार उघडंच होतं, तरी तिने आत डोकावलं. मग गॅलरीत जाऊन खाली रस्त्याकडे बघितलं आणि असं का बघितलं हे कळताच ती मागे सरली. फोन लावला. तो गादीवर उशीपाशी वाजला.

शेजारणीला विचारावं म्हणून ती दाराकडे वळली, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तो वर येत होता. बाहेर जायचा चांगला शर्ट घातला होता, पण बटणं एकेका घराने चुकली होती. एक टोक खाली लोंबत होतं. उजवी बाही दुमडलेली नव्हती की खिशात घातलेली नव्हती. तशीच सोडलेली होती.

“कुठे गेला होतात?” तिचा आवाज तिला हवा त्यापेक्षा मोठा निघाला.

“चौकात. त्या दुरुस्तीवाल्या बाई नाहीत का, टीव्ही-बिव्ही बघणाऱ्या. म्हटलं बॅटरी दाखवून यावी.”

ती दाराला धरून उभी राहिली.

“एकटे?”

“मग काय वरात काढायची होती?” तो चपला काढायला टेकला. एका पायाने दुसऱ्या पायाची चप्पल ढकलत म्हणाला, “दुपारीच गेलो. बसवून ठेवलं त्यांनी. चहा दिला. आधी पूर्ण चार्ज केला, मग त्यांच्या टीव्हीला जोडला. चांगला चालला, दोन तास झाले तरी दिवा हिरवाच. त्यांनी तर मला विचारलं, घरी चार्जिंगला नीट—”

तो थांबला. दुसरी चप्पल निघत नव्हती. त्याने ती हाताने काढली आणि पहिलीच्या शेजारी नीट लावून ठेवली.

“म्हणजे आधी चालला,” तो म्हणाला. “मग गेला. एकदम.”

तिने हातातली किल्ली पर्समध्ये टाकली.

“बॅटरीच गेलीय म्हणाल्या. नवीन मागवावी लागेल. आठ-दहा दिवस तरी जातील. कंट्रोलर तिथेच ठेवून घेतलाय.”

तो अजून चपलांकडेच बघत होता. तिने त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं. केस कापायला झाले होते.

“असं करतात कधीकधी बॅटऱ्या,” ती हळू म्हणाली.

“करतात ना.”

“एकदम जातात.”

“हो.” तो उठला. “तू पड जरा. जेवणाचं मी बघतो.”

“तुम्ही?”

“उपाशी नाही ठेवत. पड.”

ती आत गेली. साडी न बदलताच गादीवर टेकली. काहीतरी बोलायला हवं होतं, पण काय बोलली असती तरी ते त्याने आत्ता जे झाकलं ते उघडं केलं असतं. दारातून त्याचा आवाज आला.

“त्यांच्याकडे दुसरी डबी आहे. तिच्यावर तो एका हाताचा चालतो, ताईंनी आणलेला तसला. होता त्यांच्याकडे एक, मी चालवून बघितला.”

“मग?”

“पूल ओलांडला. माल पोहोचवला.”

“ब्रेक?”

“अंगठ्याच्या खालीच असतो त्यात. वेळेवर लागतो.”

ती छताकडे बघत राहिली. खांद्यातला दगड तिथेच होता आणि तिला अचानक तो हलवावासाही वाटेना. त्याला एकट्याला खेळता यावं म्हणून तिनेच तर त्या कंट्रोलरसाठी ताईंच्या मागे लकडा लावला होता.

“बरं झालं,” ती म्हणाली.

“हं.” मग तो म्हणाला, “कंटाळवाणं होतं जरा.”

ती कुशीवर वळली आणि उशीत तोंड घातलं.

“उद्या परत जाणार आहे मी तिथे,” तो म्हणाला. “त्या बाईंचं दुकान म्हणजे नुसता उकिरडा आहे. कुठली वायर कशाची, काही पत्ता नाही. म्हटलं, लावून देतो. दुपारचा वेळ जाईल.” आणि मग, जरा चाचरत, “जाऊ ना?”

“शर्टाची बटणं नीट लावून जा,” ती उशीतूनच म्हणाली.

स्वयंपाकघरात दिवा लागला. डबे उघडल्याचे, मिटल्याचे आवाज आले. काहीतरी शोधलं जात होतं, मिळत नव्हतं, मग मिळालं. नळ सुटला, बंद झाला. आणि मग एकदम भांडं पडलं, मोठं, झाकणासकट. झाकण फरशीवर गरगर फिरत राहिलं.

ती उठून बसली. दोन्ही पाय खाली सोडले.

झाकण थांबलं. आतून हाक आली नाही. थोड्या वेळाने पुन्हा नळ सुटला, आणि त्या आवाजात तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला, बहुधा भांड्याला शिवी दिली.

तिने पाय वर घेतले, पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं आणि डोळे मिटले.