पुढची डावी सीट

असोद्याहून धुळ्याला निघताना नाना पुढच्या डाव्या सीटवर बसले, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या जागी. शीतल मागे, मांडीवर चार वर्षांची जुई. ही वाटणी कुणी बसून ठरवली नव्हती आणि कुणी कधी मोडलीही नव्हती. गाडी हितेंद्र चालवणार, शेजारी त्याचे वडील, मागे सून. जुनी छोटी गाडी आता चढावर खोकायची, म्हणून नवी बघायला चालले होते.

"हितू, डिक्की मोठी हाये ना तिची? केळीचा घड आडवा बसला पाह्यजे," नाना म्हणाले.

"नाना, सेडान आहे. डिक्कीच डिक्की आहे."

घड जायचा होता बोदवडला. तिथे नानांची थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळून होती. जुन्या गाडीचा भरवसा उरला नाही तेव्हापासून नाना आधी बस, मग रेल्वे असं करत तिच्याकडे जात, पिशवीत दोन फण्या घेऊन. नवी गाडी आली की महिन्यातून दोनदा बोदवड, हे त्यांनी घरात, गल्लीत आणि फोनवर खुद्द अक्कालाही सांगून टाकलं होतं.

शीतलला हे सगळं ठाऊक होतं. आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात 'मला काय माहीत' म्हणायची सोय तिला नव्हती.

गाडीचा अभ्यास तिनंच केला होता. मागच्या दिवाळीत दिरांच्या उंच गाडीतून जाताना करकचून ब्रेक लागला आणि जुई तिच्या मांडीवरून निसटून पुढच्या सीटवर आदळली. भुवईवर टाके पडले. तेव्हापासून शीतलला नाद लागला. बी.एस्सी. झालेल्या बाईनं जर्नल लिहावं तशी ती गाड्या भिंतीवर आपटण्याचे व्हिडिओ बघायची, थांबवून, पुन्हा मागे नेऊन. कुठल्या गाडीतल्या बाहुल्याची मान किती हलते ते तिला पाठ झालं होतं.

जळगावात दोन गाड्या बघून झाल्या होत्या. त्यांची नावं घरात कुणाच्या तोंडी बसेनात, म्हणून एक झाली पांढरी आणि दुसरी राखाडी. पांढरी जुन्या वळणाची होती. सीट उंच, मऊ. नाना तीत बसले आणि उठले, दोन्ही सहज. "खुर्ची हाये ही," म्हणाले. पण सुरक्षेच्या चाचणीत तिला तारे कमी होते, आणि लहान मुलांची सीट अडकवायचे हूक गादीत इतके खोल की शीतलची बोटं सोलली तरी सीट डुगडुगतच राहिली. राखाडीच्या डिक्कीत गॅसची टाकी. घड सोडा, पिशवी ठेवतानाही विचार करावा लागला असता. उरली लाल, नुकतीच बाजारात आलेली. चालवून बघायला ती सध्या धुळ्यातच मिळत होती, आणि धुळ्यात देवपूरला शीतलचं माहेर. म्हणून हा घाट.

शोरूमवाल्या ईश्वरनं लाल गाडी दारात आणून लावली तेव्हा हितेंद्र नुसता तिच्याभोवती फिरत राहिला. गाडी होतीच तशी. बुटकी, रुंद, मागे उतरत गेलेलं छप्पर, उभी असतानाही पळत असल्यासारखी.

"मॅडम, सहा एअरबॅग बेसिक मॉडेलपासून," ईश्वर म्हणाला.

"माहीत आहे," शीतल म्हणाली. मैत्रिणीकडून मागून आणलेली जुईची सीट तिनं मागे ठेवली आणि ढकलली. टक्क. तिनं सीटला गुडघा लावून हिसका दिला. हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. नाही. शीतलचं मत तिथेच ठरलं. बाकीची सगळी चक्कर तिच्यासाठी फुकट होती.

मग नाना बसायला आले. ते वाकले, पण छप्पर त्यांच्या अंदाजापेक्षा खाली होतं. टोपी दाराला लागून खाली पडली. ती त्यांनी स्वतःच उचलली, झटकली, आणि डोक्यावर न ठेवता खिशात घातली. "उकडते जरा," म्हणाले. आत एसी गारेगार चालू होता. लग्न होऊन आल्यापासून शीतलनं नानांना घराबाहेर उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. तिनं जुईचा पट्टा तपासायला घेतला.

हायवेवर गाडी पाण्यासारखी चालली. वळणावर डुलली नाही. जुई, जिला दर प्रवासात उलटीसाठी पिशवी लागते, ती गाणं म्हणत होती.

"आवाजच नाही इंजिनचा," हितेंद्र म्हणाला.

"रस्ता बी नही दिसत," नाना म्हणाले. "नुसते ट्रकचे टायरं दिसू राह्यले."

मागे जुईच्या पलीकडे बसलेला ईश्वर हसला. एका गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं तेव्हा तो हसला नाही. "पाच जण असले की थोडं तिरकं घ्यायचं, सर."

परत शोरूमच्या आवारात गाडी थांबली. हितेंद्र आणि ईश्वर उतरून बोलत उभे राहिले. नानांनी दार उघडलं. डावा पाय बाहेर टाकला, दाराच्या वरची मूठ धरली आणि जोर केला. उठले नाहीत. पुन्हा केला. मग मूठ सोडून ते समोरची बटणं निरखू लागले.

"चला नाना," हितेंद्र म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं. मी ह्याचा रेडिओ पाह्यतो जरा."

ते दोघं आत गेले. मागे शीतल होती. जुईचा पट्टा सोडवत होती. पट्टा सुटला. तरी ती सोडवतच राहिली.

नाना सीटवर आडवे वळले. दोन्ही पाय बाहेर, दोन्ही हात दाराच्या काठावर. एकदा अर्धे उठले आणि धप्पकन बसले. गाडी हलली. शेवटी ते पुढे सरकत गेले, इतके की एक गुडघा खाली डांबरावर टेकला, आणि मग दाराला धरून, जमिनीवरून उठावं तसे उठले. उभे राहून श्वास घेतला. पायजमा झटकला.

शीतलनं जाऊन हात दिला असता तर दोन सेकंदांचं काम होतं. सुनेनं सासऱ्याचा हात कसा धरायचा, असं तिनं स्वतःला सांगितलं. दर रविवारी त्याच दंडाला पट्टा गुंडाळून ती नानांचं बीपी मोजायची. तेव्हा कुठली मर्यादा आडवी आली नव्हती. हात दिला असता तर नानांना उठता येत नाही हे दोघांना माहीत झालं असतं, आणि लाल गाडी तिथेच संपली असती. खरं कारण हे होतं. ते तिला त्याच क्षणी स्वच्छ कळलं होतं.

आत ईश्वरनं विचारलं, "नानासाहेब, कशी वाटली?"

"एक नंबर."

"नाना, गुडघ्याला काय लागलं हो?" हितेंद्रनं विचारलं.

"काही नही. तुह्या पोरीचा बूट लागला असंल."

"मी नाही लावला!" जुई ओरडली.

"गप्प बस," शीतल इतक्या जोरात म्हणाली की जुई रडायला लागली. ईश्वरनं तिला फुगा दिला. जेवण करून येतो आणि बुकिंग करतो, असं ठरलं.

माहेरी वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी होती. शीतल अर्धी बट्टी ताटात टाकून उठली. स्वयंपाकघरात पाणी घ्यायला आलेल्या हितेंद्रला ती म्हणाली, "अहो, नानांना उतरताना जरा त्रास झाला वाटतं." जरा, आणि वाटतं. एवढंच सांगितलं. तिला वाटलं, आता हे आपल्यावर राहिलं नाही.

हितेंद्रच्या पोटात गोष्ट कधी राहिली नव्हती. बाहेर येऊन खुर्चीवर बसता बसता तो सगळ्यांसमोर म्हणाला, "नाना, तुम्हाला गाडीतून उठता येत नव्हतं म्हणे?"

शीतलचे वडील, तोतारामअप्पा, यांनी नोकरीची सगळी वर्षं धुळ्यात काढली होती आणि चेष्टा करायची झाली की ते अहिराणीत शिरत. "व्याही, गाडी भारी शे हो! पन बठ्ठा खेळ गुडघास्ना शे. आम्हनाकडे जुनी बैलगाडी शे, ती उंच शे, ली जा!"

सगळा खेळ गुडघ्यांचा, त्यापेक्षा उंच बैलगाडी न्या, या सल्ल्यावर सगळे हसले. नानाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले. व्याह्याच्या घरात, पाहुण्याच्या खुर्चीवर, सगळ्यांच्या देखत.

"कोन म्हनते उठता येत नही?" ते म्हणाले. "शीतल मागंच बसेल व्हती. तिलेच इचारा. काय वं शीतल, अडकलो व्हतो का मी?"

आता सगळे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या शीतलकडे बघत होते. आईच्या हातात तुपाची वाटी तशीच. खरं सांगावं तर नानांचं नाक तिच्याच बापाच्या घरात कापलं जाणार. खोटं सांगावं तर त्यांची लाज राहते, आणि गाडीही मिळते. दोन्ही एकाच वाक्यात. इतकं सोयीचं खोटं तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"नाही नाना," ती म्हणाली. "सहज उतरलात तुम्ही. मलाच उगीच वाटलं."

"पाह्य," नाना हितेंद्रला म्हणाले. आईनं बट्टीवर तूप ओतलं. अप्पांनी विषय कापसावर नेला.

नानांची लाज राखली की आपली गाडी, हे शीतल भांडी उचलताना स्वतःला विचारत होती. उत्तर येत होतं, पण ते तिला आवडत नव्हतं.

नाना हात धुवायला मोरीवर आले तेव्हा ती टॉवेल घेऊन उभी होती. तिथे दोघंच होते.

"खोटं बोलली तू," नाना हळू आवाजात म्हणाले.

"नाना, मी..."

"बरं केलं. व्याह्यापुढं बरं केलं." त्यांनी बोटं एकेक करून पुसली. "पन तथी, गाडीत, आरशात दिसत व्हती मले तू. पोरीचा पट्टा केव्हाच सुटेल व्हता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं. टॉवेल तिच्या हातात देऊन ते बाहेर गेले आणि अप्पांनी दिलेली सुपारी कातरत बसले.

शोरूममध्ये ईश्वरनं पेढे मागवून ठेवले होते. "नाव कुणाचं घालू, सर?"

"नानांचंच," हितेंद्र म्हणाला.

"थांबा," शीतल म्हणाली. "ही नको."

हितेंद्रला आधी ऐकू आलं नसावं, कारण तो हसतच तिच्याकडे वळला.

"माझी कंबर," ती म्हणाली. "जुईच्या वेळेपासून आहेच. फार खाली बसावं लागतं हिच्यात. सकाळी मला उतरताच येईना. मी बोलले नाही. पण रोज नाही जमणार मला."

"तुला?" हितेंद्रचा आवाज चढला. "महिनाभर तूच माझं डोकं खाल्लंस! तारे, एअरबॅगा, हूक! पांढरी तुला नको, राखाडी तुला नको, आणि आता कंबर?"

"मॅडम, कुशन येतं एक..." ईश्वर म्हणाला.

"नको."

ईश्वरनं पेढ्यांचा बॉक्स थोडा मागे ओढला. नाना शीतलकडे बघत होते. बघता बघता म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितू. तिले सोसत नही तर नको."

"मग पांढरी घ्यायची का? तिच्यात कंबर बसते का तुझी?"

शीतलला हो म्हणता आलं नाही. डुगडुगणारी सीट तिच्या डोळ्यांसमोर होती. नाही म्हणायला तोंड नव्हतं. ती जुईच्या फुग्याचा दोरा तिच्या मनगटाला बांधत बसली, आणि ते बुकिंग न करताच निघाले.

पारोळ्यापर्यंत हितेंद्र रागानं गियर बदलत राहिला. जुन्या गाडीत ते हूकच नव्हते, म्हणून मैत्रिणीची सीट डिक्कीत होती आणि जुई शीतलच्या मांडीवर झोपली होती. शीतलचे दोन्ही हात तिच्या पोटावर घट्ट, रग लागली तरी. एकाचा अपराध फेडायला गेले आणि दुसरीचा करून बसले, असं तिला वाटत होतं. समोर नानांची मान आणि पांढऱ्या टोपीची मागची शिवण दिसत होती.

"हितू, चहा घेऊ," नाना म्हणाले.

हितेंद्र चहा सांगायला टपरीकडे गेला, अजून रागातच. नाना उतरले, सावकाश, पण आपले आपण. मागे येऊन त्यांनी तिच्या बाजूचं दार उघडलं.

"कंबर कशी हाये?" त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर रेषाही हलली नाही.

शीतलला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. "बरी आहे."

"लालच घ्या तुम्ही. सांग त्याले, कंबर बरी झाली म्हना. मी जाईन रेल्वेनं बोदवडले. सवय हाये मले."

"नाही नाना."

"मंग पांढरी?"

तिनं जुईच्या भुवईवरच्या टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवलं.

"मंग काय करशील?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला हवी होती ती गाडी. तुम्ही खाली गुडघा टेकलात ते मी बघत होते, आणि मला तीच हवी होती. अजूनही हवी आहे."

नानांनी ऐकून घेतलं. रस्त्यावरून केळीनं भरलेला ट्रक गेला तो दिसेनासा होईपर्यंत त्यांनी पाहिला.

"पुढच्या टायमाले," ते म्हणाले, "हितूले सांगू नको. मले इचार. मी सांगीन तुले, उठता येते का नही ते."

"विचारीन."

"आन खरं सांगीन असं नही." ते वळून टपरीकडे चालू लागले. "पन तू इचारत जाय."