तांबोशीची जागा

माझ्या बोटीवर ठिकाण आणि खोली दाखवणारं यंत्र आहे, पण माशांच्या जागा मी त्यात साठवत नाही. यंत्र काय, कुणीही उघडून बघेल. बेटाभोवतीच्या बावीस जागा माझ्या डोक्यात आहेत, जमिनीवरच्या खुणांसकट. पाण्याची टाकी दीपगृहाच्या बरोबर मागे लपली आणि धक्क्याचं टोक पांढऱ्या गोदामाला टेकलं, की खाली बुडालेला खडक असतो आणि खडकावर तांबोशी. शहरातली माणसं दिवसभरासाठी बोट भाड्यानं घेतात ती या तांबोशीसाठीच. मासा लागला नाही तर पुढच्या वर्षी ती दुसऱ्याच्या बोटीत बसतात.

या जागा आणखी एकाच माणसाला ठाऊक होत्या, माझ्या मेहुण्याला. आठ वर्षं तो माझ्या बोटीवर होता. नांगर टाकणं, गळाला आमिष लावणं, पाहुण्यांना बोट लागली की त्यांची पाठ चोळणं, सगळं तोच करायचा. बायकोचा पाठचा भाऊ, आमच्याच घरी राहणारा. बायकोला माहेर म्हणून उरलेला तेवढा एकच.

थंडी ओसरली आणि मोसम सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात खडकावर पोचलो, तर तिथे आधीच एक बोट उभी. गॉगलची. हा दोन वर्षांपूर्वी बेटावर आला, आभाळ भरून आलं तरी डोळ्यांवरचा गॉगल काढत नाही म्हणून हे नाव. त्यानं मला हात केला. मी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा दोर गुंडाळत होता, जरा जास्तच मन लावून, असं मला वाटलं.

शंकेची पाल एकदा चुकचुकली की साध्या गोष्टीही साध्या राहत नाहीत. मेहुणा संध्याकाळी धक्क्यावर का रेंगाळतो? नवे बूट कुठून आले? फोन आला की बाहेर का जातो? "तुम्ही आत बसून ओरडता, म्हणून तो बाहेर जाऊन बोलतो," बायको म्हणाली. मला ते पटलं नाही. भावाची बाजू ती घेणारच.

उन्हाळ्यात मी सापळा लावला. जेवताना मुद्दाम म्हणालो, "मागच्या खाडीच्या तोंडाशी हेकरू मासा लागलाय म्हणे. परवा जाऊ." तिथे चिखलाखेरीज काही नाही. गॉगल खाडीकडे फिरकलाच नाही, सरळ माझ्या दुसऱ्या एका जागेवर जाऊन बसला. शहाण्या माणसानं यावरून मेहुण्यावरचा संशय सोडून दिला असता. मी ठरवलं, हा पक्का बेरकी आहे, माझा डाव त्यानं ओळखला.

त्याच सुमारास पाहुण्यांचे फोटो काढत होतो, तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, मागे समुद्र येईल असा काढा ना फोटो."

"उजेड नीट येत नाही तिकडून."

"नाही आला तर नाही आला. पण मागे जमीन..."

"आता फोटो काढायला तू शिकव मला," मी म्हणालो. तो गप्प बसला, आणि मला त्या गप्प बसण्यातही काळंबेरं दिसलं.

वाऱ्याचे दिवस आले तोवर माझ्या सहा जागांवर गॉगल पोचला होता. दोन जुने पाहुणे त्याच्याकडे गेले. ते कळलं त्या दुपारी, धक्क्यावर मासे साफ करायच्या टेबलापाशी, चार माणसांदेखत मी तोंड सोडलं.

"गॉगल काय देतो रे तुला?"

मेहुण्यानं सुरी पुसली. "काय म्हणालात?"

"माझ्या घरात जेवतोस आणि माझ्याच जागा बाहेर विकतोस."

सुरी माझ्यासमोर ठेवून तो निघून गेला. आठवड्याभरात त्यानं बर्फाच्या कारखान्यात काम धरलं, तिथेच मागे खोली घेतली. बायको माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. गॅस संपलाय, किल्ली इथे आहे, एवढंच. मला वाटलं, रागावू दे. आता बघू गॉगल जागा कुठून आणतो.

मी एकट्यानं तेविसावी जागा शोधली. पंधरा दिवसांत तिथे गॉगलची बोट उभी होती. ही जागा मेहुण्यानं कधी पाहिलीच नव्हती. 

धक्क्यावर परतलो आणि माझ्या ऑफिसबाहेरच्या फळ्यासमोर उभा राहिलो. मासा हातात धरलेल्या पाहुण्यांचे फोटो मी तिथे लावतो, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावेत म्हणून. प्रत्येकाच्या खांद्यामागे किनारा होता, नव्या जागेवरच्या फोटोंतही. दीपगृह फोटोत छान दिसतं, म्हणून मीच एकेकाला डावीकडे सरकायला लावलं होतं. तांबोशीवाल्या सगळ्या फोटोंत टाकी दीपगृहामागे लपलेली. टाकी आणि दीपगृह जोडणारी एवढी रेघ मिळाली की त्या रेघेवर बोट चालवत खडक शोधायला यंत्र पुरेसं आहे. गॉगल रोज सकाळी याच फळ्यासमोर चहा प्यायचा, आणि मी शेजारी उभा राहून त्याला मासे दाखवायचो. मला माझीच लाज वाटली.

तसाच बर्फाच्या कारखान्यात गेलो. मेहुणा लादी ओढत होता.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "फोटोंवरून कळत होतं त्याला."

"माहितीये. मी सांगत होतो तुम्हाला."

"नीट सांगायचंस ना मग."

"तुम्ही ऐकत कुठे होता, दाजी? तुम्ही नुसते बघत होता माझ्याकडे."

 बायको स्वतः जाऊन त्याला भेटली, आणि बहिणीखातर तो परत आला. मोसमाच्या शेवटच्या फेऱ्या उरल्या होत्या, हवेत गारवा आला होता. खडकाजवळ मी इंजिन हळू केलं आणि सवयीनं विचारलं, "बघ रे, लपली का टाकी?"

 वळून पाहिलं. मेहुणा बोटीच्या पुढच्या टोकाला नांगर धरून बसला होता, किनाऱ्याकडे पाठ करून.

"अरे, इकडे बघ की."

"नको. खुणा तुम्हीच बघा. सांगा, मी नांगर सोडतो."

पाहुणे आमच्या तोंडाकडे बघत होते. टाकी लपली, तशी मी "सोड" म्हणालो. त्यानं नांगर सोडला.

त्यालाही आता वर्ष होत आलं. घरी सगळं पूर्वीसारखं आहे, तो जेवतो, हसतो, माझी थट्टाही करतो. बोट जागेवर यायला लागली की मात्र उठतो आणि किनाऱ्याकडे पाठ करून बसतो.