फ्रीजसमोरचं स्टूल

"तिसऱ्यांदा, मामा!" दार उघडता उघडताच वहिनींनी तोंडाचा पट्टा सोडला. "एकाच फ्रीजसाठी तिसऱ्यांदा! वर बर्फाचा डोंगर आणि खाली दूध नासतंय. मागच्या वेळी काय म्हणालात? रबर बदललं की प्रश्न मिटला."

फ्रीजवाले मामा खाली मान घालून आत शिरले. या धंद्यात फ्रीज बिघडण्याची लाज नसते, तो बिघडायचाच. लाज असते ती केलेलं काम परत येण्याची. त्यात मामा पडले आपल्या कामाचा तोरा मिरवणारे. बिघाड गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दाखवल्याशिवाय ते उठत नसत. जळकी तार हातात ठेवायचे, तुंबलेल्या भोकातला गाळ काडीवर घेऊन नाकासमोर धरायचे, समोरचा नको नको म्हणत असला तरी. "तुम्ही चुकून मेकॅनिक झालात, वकीलच व्हायला हवं होतं," असं त्यांची बायको म्हणायची. मामांना ते कौतुक वाटायचं.

सुट्टीचा दिवस होता. मोरीपाशी कामवाली मावशी भांडी घासत होती. स्वयंपाकघराच्या दाराशी, एका लाकडी स्टुलावर, वहिनींचे सासरे पेपर उघडून बसले होते. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नसे, म्हणून स्टूल त्यांच्याबरोबर घरभर फिरायचं.

मामांनी फ्रीजच्या दारात कागदाचा कपटा धरून दार लावलं आणि ओढून पाहिला. घट्ट. रबर ठीक होतं. पाणी जायचं भोक मोकळं, आतला पंखा फिरतोय, पुढचे पाय पक्के. त्यांनी सगळं पुन्हा एकदा तपासलं आणि मग मात्र त्यांची मान वर झाली.

"फ्रीज चांगला आहे, वहिनी. दार उघडं राहतंय. मिनिटभर नाही, चांगला तासतासभर. बाहेरची दमट हवा आत जाते, तिचा बर्फ होतो आणि गार हवा खाली यायची वाटच बंद होते."

"दुपारी आम्ही दोघंही ऑफिसात," असं म्हणत वहिनी मोरीकडे वळल्या. "मावशी, तूच ना?"

"मी नाही ताई."

"मग काय बाबा? ते तर गार पाणीसुद्धा पीत नाहीत! वर तोंड करून खोटं बोलू नकोस. उद्यापासून आली नाहीस तरी चालेल."

मावशीने एकदा पेपराकडे पाहिलं आणि पुन्हा पातेलं घासायला घेतलं.

नुसत्या संशयावर कुणाचं काम जावं, हे मामांना पटेना. शिवाय कारण हाती लागलेलं असताना पुराव्यावाचून उठायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. ते फ्रीजसमोर ओणवे झाले आणि बॅटरीचा झोत पाडून फरशी पाहू लागले. गळलेलं पाणी वाळून तिथे डाग पडला होता. त्या डागात तीन काळी वर्तुळं होती, रबराची असतात तशी, आणि चौथ्या जागी लाकूड घासल्याचा खोल चरा.

"सापडलं!" मामा ओरडलेच. "इथे कुणीतरी बसतं. दार उघडं टाकून, ऐसपैस!" त्यांची नजर स्वयंपाकघरभर फिरली आणि दाराशी थांबली. पुढे काय होईल याचा विचार करायला डोकं जागेवर हवं, ते त्या क्षणी नव्हतं. "आजोबा, जरा उठता का?"

आजोबा उठले. मामांनी स्टूल उचललं, तळ पाहिला. तीन पायांना रबराच्या टोप्या, चौथा उघडा. त्यांनी ते डागावर नेऊन ठेवलं. पाय वर्तुळांवर बसले आणि उघडा पाय चऱ्यावर.

"बघा!" असं म्हणत ते वळले.

आजोबा भिंतीला हात लावून उभे होते. पेपर खाली पडला होता. शाळेत बाकावर उभं केलेल्या पोरासारखे त्यांचे कान लाल झाले होते.

"मागच्या खोलीत पत्रा फार तापतो," ते म्हणाले. "पंखा तिकडे अभ्यासाच्या खोलीत गेला. नातवाची परीक्षा आहे, तो तिकडेच बरा. मी फक्त... जरा वेळच बसायचो."

"बाबा, सांगायचं तरी!" वहिनींचा आवाज चिरकला.

"सांगायचं काय त्यात?"

मामांना धरणी दुभंगावी असं झालं. ते घाईघाईने फ्रीजशी बसले. "नाही, नाही, वहिनी, दोष फ्रीजचाच. पुढचे पाय खाली बसलेत. दार आपोआप लागतच नाही. थोडे उचलतो."

"पाय मघाशी पाहिलेत ना तुम्ही?"

"पाहिले. चुकलं माझं."

आयुष्यात पहिल्यांदा ते असं म्हणत होते, आणि तेही खोटं. कुणाचाच विश्वास बसला नाही. पक्के असलेले पाय ते उगाच पान्ह्याने फिरवत राहिले.

आजोबांनी येऊन स्टूल उचललं. मामा मदतीला धावले.

"राहू द्या," आजोबा म्हणाले. "मुद्देमाल आमचा आम्ही नेतो."

ते थांबत थांबत मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. वहिनी त्या दारापर्यंत गेल्या, ठोठावायला हात उचलला, आणि तशाच उभ्या राहिल्या.

मावशी हात पुसत मामांजवळ आली. "रोज फरशी मी पुसते," ती हळूच म्हणाली. "त्यांचे पाय न हलवता, बाजूबाजूनं. मला काय दिसत नव्हतं?"

"मग मघाशी बोलली का नाहीस? काम गेलं असतं की तुझं."

"मला दुसरं घर मिळालं असतं. त्यांना कुठलं मिळणार?"

मामांना तिच्याकडे पाहवेना. हत्यारं पिशवीत भरताना तळाशी रबराची एक जुनी टोपी हाताला लागली, स्टुलाच्या त्या उघड्या पायाला बसली असती अशी. ती घेऊन ते बंद दाराकडे वळले, पण तिथवर जायचा धीर झाला नाही. मग त्यांनी स्वतःचं फडकं ओलं केलं आणि गुडघे टेकून फरशी पुसायला घेतली. काळी वर्तुळं निघाली. चरा निघेना. ते घासत राहिले.