शिरेतली जाळी

शिंप्याने गाडी भिंतीवर घातली, त्या दिवसापासून हे सगळं सुरू झालं.

तसा त्याचाही दोष नव्हता. साठी उलटलेला माणूस, सगळी हयात शिलाई मशीनवर पाय मारण्यात गेलेली. गाडीतही पाय खाली दाबायचा एवढंच त्याला ठाऊक, कुठे दाबायचा ते ऐन वेळी सुचत नसे. शिकवायला शेजारी बसलेल्या बाईंनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, पण किंचित उशिरा. वेग काही फार नव्हता. बाईंचं डोकं खिडकीच्या चौकटीवर आपटलं आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

बाई आणि मिस्त्री, या नवरा-बायकोचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. दोन गाड्या, एक शटरची खोली. बाई शिकवायच्या, मिस्त्री गाड्या धडधाकट ठेवायचे. बाईंच्या तोंडाचा पट्टा असा, की घाबरलेला माणूस घाबरायचं विसरून हसत सुटे. चौकात कुणाची गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा गलका झाला, की बाई म्हणत, "गाडी बंद पडलीय, तुम्ही नाही. फिरवा किल्ली." मिस्त्री उलट स्वभावाचे. कमी बोलणारे आणि काळजीखोर. गाडीत कुठे खुट्ट वाजलं तरी त्याचं कारण सापडेपर्यंत त्यांना घास गोड लागत नसे.

टेंगूळ बघून तेच बाईंना इस्पितळात घेऊन गेले. बाई वाटभर कुरकुरत होत्या. डोक्याचा फोटो काढला. मार काहीच नव्हता. पण तपासणारे डॉक्टर म्हणाले, "दुसरंच काहीतरी दिसतंय," आणि त्यांनी मेंदूच्या शिरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

"हात दाखवून अवलक्षण," बाई जिन्यात म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी कागदावर एक नळी काढली आणि तिच्या कडेला एक छोटा गोल. "डाव्या डोळ्याच्या मागे, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला फुगा आलाय. सात मिलिमीटरचा."

"सायकलच्या ट्यूबला येतो तसा," मिस्त्री म्हणाले.

"अगदी तसाच. शिरेच्या आतून बारीक विणीची एक जाळी बसवता येते. मग रक्त फुग्यात न शिरता सरळ पुढे जातं. फुग्यातलं रक्त गोठतं आणि काही महिन्यांत तो मिटतो."

"आणि नाही बसवली तर?"

"तर तो तसाच राहील. किंवा फुटेल. फुटला तर फार वाईट, पुष्कळ जण दगावतात. पण या जागेचा, एवढ्या आकाराचा फुगा वर्षभरात शंभरातल्या एखाद्याचाच फुटतो."

"आणि जाळी बसवताना?" हे बाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "शंभरातल्या चार-पाच जणांना मोठा अपाय होतो. जाळीत गुठळी होऊन अर्धांग होतं, नाहीतर मेंदूत रक्तस्राव. काहींना टेबलावरच, काहींना घरी गेल्यावर. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांचाही धोका असतोच. जाळी एकदा बसली की परत काढता येत नाही. दर वर्षी फोटो काढून लक्ष ठेवायचं, हाही एक रस्ता आहे. तुम्ही तो घेतलात तर मी चूक म्हणणार नाही."

"मग राहू दे की," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं बिऱ्हाड करून राहिलाय, कधी भांडला का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मिस्त्रींना हसू आलं नाही.

घरी आल्यापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना. बाई शिंकल्या की यांच्या हातातला पाना थांबे. बाईंनी बादली उचलली की हे धावत. त्यांनी बाईंना गाडीत बसू देणं बंद केलं, तर बाई खवळल्या. "अहो, शिंकले मी, स्फोट नाही झाला! तुमच्या अशा बघण्यानेच फुटेल एखादे वेळी."

तीन आठवडे असे गेले. मग एका दुपारी मिस्त्री स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्यासाठी करून घे. मला रोज वाटतं, आज फुटला. मला हे झेपत नाही गं."

बाईंनी हात पुसले.  "म्हणजे औषध मी घ्यायचं आणि गुण तुम्हाला यायचा?" त्या हसल्या. "बरं. तुमच्या जिवाला तरी स्वस्थता मिळू दे."

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीने फोनवर बजावलं, "बाबा, आईला ठरवू दे हं. तुम्ही मागे लागू नका."

"आईनेच ठरवलंय," मिस्त्री म्हणाले.

सगळं सांगितल्याबरहुकूम झालं. आठवडाभर आधीपासून गोळ्या सुरू झाल्या. गोळीचा रक्तावर परिणाम होतोय की नाही, तेही तपासलं, होत होता. जांघेतल्या शिरेतून तार वर नेली आणि तीन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "जाळी सुरेख बसली." मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या दिवशी बाई आपल्या पायांनी घरी आल्या. दंडावर, मांडीवर निळे-जांभळे डाग उठत होते. "माझ्याकडे नुसतं रोखून पाहिलं तरी वळ उठतो," त्या येईल त्याला सांगत. मिस्त्रींनी गोळ्यांच्या वेळांचा कागद फ्रीजवर लावला होता. एकही गोळी पाच मिनिटंसुद्धा इकडची तिकडे होऊ दिली नाही.

नवव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला बाई खुर्चीत बसून एका विद्यार्थिनीला फोनवर गाडी मागे घ्यायला शिकवत होत्या. "आधी आरशात बघ. मग मान वळवून बघ. मग... मग... मग..."

मिस्त्री हसले. त्यांना वाटलं, बाई कुणाची तरी नक्कल करताहेत. तेवढ्यात बाईंच्या उजव्या हातातून फोन मांडीवर घसरला. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. तोंडाचा उजवा कोपरा खाली उतरला होता.

मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला होता. फुगा फुटलेला नव्हता. तो होता तिथेच, होता तसाच होता. रक्त भलतीकडेच, त्याच्यापासून लांब सांडलं होतं.

"इकडे आड, तिकडे विहीर झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "गोळ्या चालू ठेवल्या तर रक्त थांबणार नाही. बंद केल्या तर जाळीत गुठळी होईल. दोन गोळ्यांपैकी मी एक बंद करते, एक ठेवते. कवटी उघडून साकळलेलं रक्त काढावं लागेल."

"पण गोळी एकही चुकली नाही," मिस्त्री म्हणाले.

"मला माहीत आहे."

"जाळी नीट बसली नव्हती का?"

"नीट बसली होती."

"मग चुकलं कुणाचं?"

"कुणाचंच नाही. शंभरात एक-दोघांना जाळीनंतर असा रक्तस्राव होतो. का होतो, ते आम्हालाही धड ठाऊक नाही."

मिस्त्रींनी आयुष्यात अशी गाडी पाहिली नव्हती, जिच्यातला बिघाड बिनकारणाचा होता. कुणाची चूक निघाली असती तर त्याच्यावर ओरडता आलं असतं. आता ओरडायला एकच माणूस उरला होता, आणि तो त्यांच्याच चपलांत उभा होता.

बाई वाचल्या. पाच आठवड्यांनी घरी आल्या, चाकांच्या खुर्चीतून. उजवा हात, उजवा पाय गेला होता. वाचाही गेली होती. सगळ्या बोलण्यातून दोनच शब्द शिल्लक राहिले होते: "हो ना." ते मात्र लख्ख, पूर्वीच्याच ठसक्यात येत. बोलायला शिकवणारी मुलगी आठवड्यातून तीनदा येई. कप दाखवून विचारी, "हा चमचा का?" बाई म्हणत, "हो ना." आणि चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळे. डोळे भरून येत, डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटे. चार महिन्यांनी ती मुलगी मिस्त्रींना बाजूला घेऊन म्हणाली, की आता यापुढे फारशी आशा धरू नये.

शिंपी अधूनमधून येई. बाईंसाठी त्याने पुढून बंद बांधायचे झगे शिवून आणले होते, एका हाताने चढवता येतील असे. एकदा झग्याची घडी करता करता तो रडू लागला. "माझ्या हातून झालं हे, मिस्त्री. मी पाय भलतीकडे ठेवला."

"तुम्ही गाडी भिंतीला लावलीत," मिस्त्री म्हणाले. "टेंगूळ चार दिवसांत उतरलं. जाळी मी बसवायला लावली."

 शिंप्याने तोच झगा उलगडून पुन्हा त्याची घडी केली.

सहा महिन्यांनी फोटो काढला. त्यासाठी लेक रजा काढून आली होती. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर जागा दाखवली. शीर सरळ, गुळगुळीत. फुगा पार मिटला होता.

"म्हणजे उपचार लागू पडला," मिस्त्री म्हणाले.

"कागदावर तसंच लिहावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पडदा बंद केला.

त्या दुपारी लेक आईचे केस विंचरत बसली होती. डोक्याच्या डाव्या बाजूला शस्त्रक्रियेच्या व्रणावर नवे केस राठ आले होते, तिथे ती फणी हळू फिरवत होती. स्वतःचीच समजूत घालावी तशी ती म्हणाली, "आई, तुझं तूच ठरवलं होतंस ना गं?"

"हो ना," बाई म्हणाल्या.

लेकीने सुस्कारा सोडला. मिस्त्री समोरच बसले होते. बायकोने आपल्याला पाठीशी घातलं, की नुसते दोन शब्द तोंडातून निसटले, ते त्यांना कळेना. त्यांनी बाईंच्या डोळ्यांत पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण त्यांच्याने राहवेना.

"नाही," ते म्हणाले. "तिला नको होतं. मी मागे लागलो. तुझ्याशी मी खोटं बोललो."

फणी थांबली. लेक ओरडली नाही. तिने उरलेले केस विंचरले, वेणी घातली, संध्याकाळची भांडी घासली. चार दिवसांची रजा होती, तरी ती दुसऱ्याच दिवशी सकाळी निघून गेली. अजून फोन करते. "आई जेवली का? आई झोपली का?" एवढं विचारते आणि ठेवते.

ती गेली त्या दिवशी मिस्त्री बाईंच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसले.

"मी सांगायला नको होतं का?"

"हो ना."

"की सांगितलं ते बरं केलं?"

"हो ना."

"माझ्यावर रागावली आहेस?"

"हो ना," बाई म्हणाल्या, आणि डाव्या हाताने त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ करू लागल्या. की ओढू लागल्या. ते त्यांना आजतागायत उमगलेलं नाही.

त्यानंतर मिस्त्रींनी बायकोला काही विचारणंच सोडून दिलं. आता ते फक्त सांगतात. कूस बदलूया. जरा पुढे सरक. पाणी काढलंय, चल, माझ्या खांद्याला धर.