तोंड मिटलेला मासा

रविवार, १२ जानेवारी २०२५, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे. टाकीत सोडलेले कोळंबीचे तुकडे सहा. एका माशाने खाल्ले सहा, दुसऱ्याने शून्य.

आठवडाभर हेच चालले होते. अश्वजितांची हयात तंत्रशाळेत फिटरकाम शिकवण्यात गेली होती. निवृत्तीनंतरही बंद पडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवत. ही प्रवाळातल्या माशांची जोडी मात्र त्यांच्या मुलीची, साक्षीची. मुंबईत सागरी जीवशास्त्र शिकणारी साक्षी मालवणला अभ्यासदौऱ्यावर जाताना वीर स्थानकावर उतरली, रिक्षात मासे मांडीवर घेऊन महाडला आली आणि निघताना एवढेच म्हणाली, "बाबा, महिनाभर जिवंत ठेवा. खोलून दुरुस्त करू नका."

"जबडा अडकलाय," अश्वजितांनी निदान केले. सायकलच्या तारेचे टोक घासून त्यांनी नाजूक आकडाही तयार ठेवला होता.

"मिक्सरही अडकलाच होता," शेंगा मोडता मोडता पत्नी आम्रपाली म्हणाल्या. "तेव्हापासून मी पाट्यावर वाटतेय."

"हा मिक्सर नाही."

"म्हणूनच म्हणते. याचे सुटे भाग मिळायचे नाहीत."

खोलण्याआधी निरीक्षण, हा नियम अश्वजितांनी विद्यार्थ्यांकडून घोकून घेतला होता. तो मोडणे त्यांना शक्य नव्हते. मासा निशाचर, पांढऱ्या उजेडाला बुजणारा. त्यांनी दिवा मालवला, विजेरीवर लाल कागद लावला आणि भिंग धरले. पाठीवर दोन सुटे पर, अंगाच्या मानाने मोठे डोळे, तिरपे तोंड, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. सारे जागच्या जागी. ओठांच्या फटीत मात्र बारीक रुपेरी ठिपके होते, जोडीजोडीने. ते त्यांच्याकडेच पाहत होते.

त्यांनी आकडा खाली ठेवला आणि साक्षीला फोन लावला.

"बाबा, तो बाप होतोय," ती हसत सुटली. "अंडी मादीची, सांभाळ नराचा. तोंडात धरतो आणि पिल्लं सुटेपर्यंत उपाशी राहतो. घाबरला तर सगळी थुंकेल. तुम्ही काही उघडलं नाहीत ना?"

"मी केवळ निरीक्षण केले."

"आकडा तेवढा सुबक झालाय गं," आम्रपाली फोनकडे वाकून म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या, "बघा, आठवडा झाला, याच्या तोंडातून शब्द नाही."

"मीही बाप झालोच होतो."

"झालात की. मी माहेरी, तुडीलला. पाचव्या दिवशी आलात, पाळण्याचे स्क्रू आवळलेत आणि जेवून परत गेलात."

अश्वजितांनी आकडा उचलून अवजारांच्या पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टाकीभोवती चादर बांधली, टीव्ही बंद ठेवला आणि आल्यागेल्याला दारातच आवाज खाली करायला लावला.

२ फेब्रुवारी: पिल्ले एकोणीस, जिवंत एकोणीस.