पडक्या स्टेशनावरची नक्कल

गावची छोटी गाडी बंद पडली, रूळही उपटून नेले, तरी जुना गेटमन वना रोज दुपारी पडक्या स्टेशनावर जायचा. तिथे पूर्वी पेरू विकणारी लताबाईही येऊन बसते, हे कळल्यापासून त्याच्या बायकोला, सुंदरबाईला, अन्न गोड लागेना. एकदा ती मागोमाग गेली.

बाकावर वना जुन्या ड्रायव्हरची नक्कल करत होता आणि लताबाई तोंडाला पदर लावून हसत होती. आपल्या नवऱ्याला नकला येतात, हे सुंदरबाईला इतक्या वर्षांत ठाऊकच नव्हतं.

"घरमा तर तुमनं तोंड उघडस नही!" ती कडाडली आणि दोघांच्या मधोमध बसली. "आते माले करी दखाडा."

वनाने नक्कल केली. पण बघत होता तिच्या खांद्यावरून लताबाईकडेच.